चित्रकार कुर्बे माणूस म्हणून कसा होता? खरा बंडखोर की नुसता फुशारक्या मारणारा?

सुरसागरकाठी:
नमस्कार मंडळी. बडोद्यात आमचा रविवार सकाळचा एक कट्टा आहे, बहुतेक सगळे रिटायर्ड, दर वेळी कोणीतरी एकानं अर्धा तास बोलायचं आणि मग चहा आणि भांडण. यावेळी नंबर माझा लागलाय. भाची इथंच फाइन आर्ट्सला शिकते, ती म्हणाली मामा आता म्युच्युअल फंड पुरे झाले, गुस्ताव्ह कुर्बेवर बोल. मी हो म्हणून बसलो.

वाचायला लागलो तर सुरुवात साधी आहे. जन्म १८१९, फ्रान्सच्या पूर्वेकडं ओर्नां नावाचं छोटं गाव, बाप खाऊनपिऊन सुखी जमीनदार, पोरगा १८३९ ला पॅरिसला गेला, घरच्यांना वाटलं वकील होऊन येईल. पुढं मात्र काय चाललंय तेच कळेना. हा माणूस स्वतःच सांगतो की मी फ्रान्समधला सगळ्यात गर्विष्ठ माणूस आहे. सरकारी प्रदर्शनात चित्रं नाकारली तर शेजारीच स्वतःचा मांडव टाकून तिकीट लावतो. सरकारनं मानाचा किताब दिला तर नको म्हणतो, आणि ते नको म्हणणंसुद्धा पेपरात छापून आणतो. शेवटी एक अख्खा विजयस्तंभ पाडल्याचं बिल याच्या नावावर फाटतं. मग हा खरा बंडखोर होता की पब्लिसिटीचा भुकेला, हे मला कट्ट्यावर कोणीतरी विचारणारच, आणि माझ्याकडं उत्तर नाही.

दुसरं म्हणजे त्याच्या त्या अंत्यविधीच्या चित्रावरून एवढी बोंब का झाली? मी फोनवर मोठं करून करून बघितलं, मला काळ्या कपड्यातल्या माणसांची रांग दिसते बस.

तिसरं जरा अवघड आहे. त्याचं १८६६ चं ते एक चित्र, माहीत आहे त्यांना माहीत आहे. ते प्रोजेक्टरवर दाखवू का नको? ग्रुपात माझे सासरेही असतात.

करडा_कॅनव्हास:
धागा आवडला. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

‘ओर्नांमधला अंत्यविधी’ फोनवर बघितलं तर रांगच दिसणार हो. मूळ चित्र ३१५ बाय ६६० सेंटिमीटर आहे, म्हणजे दहा फुटांपेक्षा उंच आणि साडेएकवीस फूट लांब. त्या काळात एवढा कॅनव्हास कशासाठी काढायचे तर राज्याभिषेक, लढाया, बायबलमधले प्रसंग. खेड्यातली माणसं रंगवायचीच असतील तर छोट्या, गोड, दिवाणखान्यात टांगण्यासारख्या चित्रात रंगवा, त्याला कोणाची हरकत नव्हती. यानं काय केलं तर आपल्या गावातली चाळीसच्या वर माणसं खऱ्या उंचीची उभी केली. पाद्री, मेयर, खड्डा खणणारा, स्वतःची आई, बहिणी, बाप. गावात बातमी फुटली तसं ज्याला त्याला चित्रात यायचं होतं, एकेक जण येऊन त्याच्यासमोर उभा राहून गेला. डावीकडच्या टोकाला त्याचे आजोबा उभे आहेत, राज्यक्रांती बघितलेले कट्टर रिपब्लिकन, ते १८४८ लाच वारले होते पण चित्रात इतरांसारखेच हजर.

आता त्यात काय नाही ते बघा. आकाश फाटून प्रकाश येत नाही, देवदूत नाही, मेलं कोण हेही सांगितलेलं नाही. खड्डा बरोबर मधे खाली, आणि तो फ्रेमनं अर्धा कापलाय, म्हणजे बघणारा त्याच्या काठावरच उभा. चर्चचे ते लाल झग्यातले सेवक आहेत त्यांची नाकंही लाल रंगवलीत. कुत्रं तिसरीकडंच बघतंय. कोणी रडतंय, कोणी कंटाळलंय. कोणाच्याही अंत्यविधीला अशीच माणसं असतात ना, पण १८५०-५१ च्या पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे ते सरकारी वार्षिक प्रदर्शन, तिथं हे टांगल्यावर लोक म्हणाले ही कसली कुरूप माणसं. यात कुरूपतेपेक्षा भीती जास्त होती असं माझं मत. १८४८ च्या क्रांतीनंतर नुकताच सगळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता, म्हणजे हा चित्रातला शेतकरी आता सरकार ठरवणार होता, आणि तो इथं राजाच्या मापाचा होऊन समोर उभा.

आणि हे नाकारता का आलं नाही तेही गमतीचं आहे. आदल्या वर्षी १८४९ ला त्याच्या ‘ओर्नांमध्ये जेवणानंतर’ या चित्राला सुवर्णपदक मिळालं होतं आणि पदकवाल्यांची चित्रं ज्युरीकडं जात नसत, थेट भिंतीवर. सरकारनंच दिलेला पास घेऊन तो आत घुसला.

त्याच वेळचं ‘खडी फोडणारे’ पण जरूर सांगा. रस्त्याकडेला एक म्हातारा आणि एक पोरगा दगड फोडताना दिसले, यानं त्यांना दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बोलावलं. दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत, दिसतो तो फाटलेला शर्ट, उसवलेला सदरा, पायातले जाड लाकडी जोडे. ते चित्र आता फक्त फोटोत उरलंय, १९४५ मध्ये ड्रेस्डेनच्या बॉम्बहल्ल्यात गेलं.

रंगवायची पद्धतही सांगा म्हणजे माणूस कळतो. इतर लोक फिकट अस्तरावर पातळ थर देत देत पृष्ठभाग काचेसारखा करायचे, ब्रश दिसला म्हणजे अडाणी. हा आधी कॅनव्हास जवळजवळ काळा करायचा आणि त्या अंधारातून उजेड वर आणायचा. खडक, बर्फ, समुद्राच्या लाटा तर पॅलेट नाइफनं, भिंतीला पुट्टी ओढतात तसा रंग ओढायचा, कधी चिंधीनं पुसायचा. १८६९-७० च्या लाटांच्या चित्रांत फेसाचा रंग इतका जाड आहे की बाजूनं बघितलं तर सावली पडते. कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत युरोपियन तैलचित्रं आहेत, तिथं एखाद्या गुळगुळीत अकॅडमिक चित्राला बाजूनं तिरकं बघून या, मग कुर्बेनं काय बिघडवलं ते अर्ध्या मिनिटात कळेल.

कावळा_बोलतो:
वरचा प्रतिसाद छान, वाचनखूण साठवली. पण पहिल्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देतो. पब्लिसिटी. माणूस जन्मजात जाहिरातबाज होता.

तरुणपणी काय रंगवलं? स्वतःला. केस उपटणारा, डोळे फाडलेला मी, काळ्या कुत्र्याबरोबरचा मी, जखमी मी, चेलो वाजवणारा मी. दाढी वाढल्यावर मित्रांना सांगायचा की माझा चेहरा म्हणजे असिरियन राजाचा चेहरा. पॅरिसच्या रू ओतफ्यो रस्त्यावरच्या स्टुडिओशेजारी आंद्लरची बिअरची ब्रासरी, तिथं रोज संध्याकाळी दरबार, बिअरवर बिअर, मोठ्यानं हसणं आणि स्वतः रचलेली गाणी. १८६१ ला विद्यार्थी आले शिकव म्हणून तर म्हणाला कला शिकवता येत नाही, आणि तरी स्टुडिओ उघडला आणि मॉडेल म्हणून जिवंत बैल आणून उभा केला. काही महिन्यांत दुकान बंद. सांगा आता.

१८५४ चं ते चित्र बघा, उन्हातल्या रस्त्यावर पाठीला झोळी लावून कुर्बे येतोय आणि त्याला पोसणारा श्रीमंत ब्रुयास टोपी काढून त्याला नमस्कार करतोय, शेजारी नोकर मान खाली घालून उभा. पैसे देणारा वाकलाय आणि घेणाऱ्याची दाढी वर. त्यावर एका टीकाकारानं टोमणा मारला होता की सावली फक्त कुर्बेची पडलीय, कारण सूर्याला अडवायची ताकद त्याच्या एकट्यातच.

आणि त्याचे जे पराक्रम सांगतात ना ते बरेचसे त्याच्याच पत्रांतून आलेत. १८५३ ला सरकारच्या कलाखात्याचा प्रमुख न्यूवेर्कर्क यानं त्याला जेवायला बोलावलं, १८५५ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी सरकार तुझ्याकडून चित्र घेईल पण आधी स्केच दाखव असं म्हणाला, तर हा म्हणे ताडकन म्हणाला की मी पण एक सरकार आहे, माझ्या चित्राचा न्याय मीच करणार. भारी. पण सांगतंय कोण? हाच, ब्रुयासला लिहिलेल्या पत्रात. टेबलापलीकडच्याची बाजू कोणी ऐकलीय?

सगळ्यात भारी दोमियेचा, म्हणजे त्याच काळातल्या व्यंगचित्रकाराचा किस्सा. १८७० ला दोघांनाही लेजन ऑफ ऑनर, म्हणजे तो सरकारी मानाचा किताब, देऊ केलं, दोघांनीही नाकारलं. दोमियेनं गुपचूप, कुर्बेनं मंत्र्याला लंबंचवडं पत्र लिहून आणि ते छापून. मग असं सांगतात की कुर्बे दोमियेला भेटून म्हणाला अरे बाबा एवढं चांगलं केलंस तर जरा आवाज तरी करायचास. दोमिये म्हणाला मला जे करायचं होतं ते केलं, लोकांना त्याचं काय. दोघांतला खरा बंडखोर कोण ते तुम्हीच ठरवा.

करडा_कॅनव्हास:
@कावळा, दोमियेचा किस्सा मलाही आवडतो, पण तुम्ही आवाज करण्याला सरळ ढोंगात काढताय ते पटत नाही. त्याला आवाज करणं भाग होतं, कारण त्याच्या मागं कोणी नव्हतं.

त्या काळच्या चित्रकाराला दोनच गिऱ्हाईकं. सरकार, नाहीतर सरकारी प्रदर्शनात नाव झाल्यावर येणारे श्रीमंत. म्हणजे ज्युरीनं दार लावलं की धंदा बंद. आपल्याकडं बघा, रविवर्म्यानं सयाजीरावांसाठी १४ पौराणिक चित्रं केली, उत्तम केली, फतेसिंह म्युझियममध्ये जाऊन आजही बघतो आपण, पण विषय दरबाराला चालणारा हवा हे गृहीतच होतं. कुर्बेचं म्हणणं होतं मला देवदूत दाखवा, मग रंगवतो. हे म्हणायचं आणि पोटही भरायचं तर दरबार सोडून तिसरं गिऱ्हाईक शोधायला लागतं, ते म्हणजे रस्त्यावरचा तिकीट काढणारा माणूस. आणि त्याला बोलवायचं तर बोंबलावंच लागतं.

१८५५ चं तेच झालं. जागतिक प्रदर्शनासाठी त्यानं १४ चित्रं दिली, ज्युरीनं ११ घेतली. घेतली ना, दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. पण परत केलेल्या तीनमध्ये ‘अंत्यविधी’ आणि नवंकोरं ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ ही दोन मुख्य होती, म्हणून यानं जवळच स्वतःचा मंडप उभा केला, वर ‘रिअ‍ॅलिझम’ अशी पाटी, चाळीसेक चित्रं, तिकीट १ फ्रँक. गर्दी जमली नाही, तिकीट अर्ध्यावर आणावं लागलं. एका चित्रकारानं एकट्याच्या जिवावर असं प्रदर्शन लावायचं ही कल्पनाच तेव्हा विचित्र होती.

आणि इथं कुर्बेच्या बाहेरचा साक्षीदार हवा असेल तर देलाक्रवा घ्या. म्हातारा, प्रस्थापित चित्रकार, कुर्बेच्या चित्रांतलं बरंच न आवडणारा माणूस. ३ ऑगस्ट १८५५ ला तो त्या मंडपात गेला आणि डायरीत लिहून ठेवलंय की तिकीट कमी केलंय, आत जवळजवळ तासभर मी एकटाच होतो, आणि या लोकांनी आपल्या काळातल्या एका अगदी वेगळ्या चित्राला नकार दिलाय. हे कुर्बेनं त्याच्याकडून वदवून घेतलेलं नाही.

त्या ‘स्टुडिओ’त काय आहे बघा. मधे स्वतः कुर्बे (हो, परत तोच), पण तो रंगवतोय काय तर आपल्या गावाकडचं निसर्गचित्र. मागं नग्न मॉडेल उभी आहे तिच्याकडं लक्षच नाही. समोर एक फाटका पोरगा तोंड वर करून बघतोय, खाली पांढरी मांजर खेळतेय. उजवीकडं मित्र, कोपऱ्यात कवी बोदलेअर पुस्तकात डोकं घालून. डावीकडं भिकारी, मजूर, व्यापारी, आणि एक कुत्रेवाला शिकारी बसलाय तो हुबेहूब तिसऱ्या नेपोलियनसारखा. गादीवर बसलेल्या सम्राटाला त्याच्याच शहरात, त्याच्याच प्रदर्शनाच्या शेजारी असं बसवायला नुसती फुशारकी पुरत नाही.

अलकापुरीची_अनू:
दोघांचं वाचलं. मला तो चित्रकार म्हणून फार आवडतो आणि माणूस म्हणून त्याच्याबरोबर एक संध्याकाळसुद्धा काढवली नसती.

‘जखमी माणूस’ बघा. झाडाला टेकून डोळे मिटलेला कुर्बे, शर्टावर रक्त, बाजूला तलवार. एक्सरे काढल्यावर कळलं की आधी तिथं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून एक बाई होती. ती गेल्यावर यानं तिला रंगाखाली गाडली आणि तिच्या जागी तलवार आणि रक्त आणलं. व्हर्जिनी बिने नावाची बाई होती त्याच्या आयुष्यात, १८४७ ला त्यांना मुलगा झाला, लग्न नाही, पुढं ती मुलाला घेऊन निघून गेली. यावर याचं मित्राला पत्र काय, तर पोराची आठवण येईल पण कला आहे की पुरेशी, आणि लग्न झालेला माणूस म्हणजे प्रतिगामी. घ्या! खडी फोडणाऱ्या पोराचं सगळ्या फ्रान्सला सांगणार आणि घरच्या पोराचं हे असं. तो मुलगा १८७२ ला, बापाच्या आधी गेला.

पण बायका रंगवताना मात्र हाच माणूस खोटं बोलत नाही, ही खरी पंचाईत. १८५३ च्या ‘स्नान करणाऱ्या बायका’ मधली ती पाठमोरी बाई चांगली धष्टपुष्ट आहे, पायाचे तळवे मळलेले. असं सांगतात की तिसऱ्या नेपोलियननं चिडून त्या चित्रावर हातातला चाबूक मारला. तेव्हा भिंतींवर नग्न बायकांची काही कमी नव्हती हो, पण त्या सगळ्या व्हीनस, अप्सरा. ही गावातली बाई होती, कपडे शेजारच्या फांदीवर टाकलेली.

आता तुमचा तिसरा प्रश्न, सासऱ्यांचा :) १८६६ चं ‘जगाचा उगम’, म्हणजे चेहरा न दाखवता अगदी जवळून रंगवलेला नग्न बाईचा देह, ते त्यानं खलील बे नावाच्या ऑटोमन मुत्सद्द्यासाठी केलं, तो ते हिरव्या पडद्यामागं ठेवायचा. पुढं विसाव्या शतकात ते मानसशास्त्रज्ञ लाकांकडं आलं, त्यानंही त्याच्यावर दुसरं चित्र लावलेली सरकती फळी बसवून घेतली. १९९५ पासून ते पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये भिंतीवर उघडं आहे, तरी २०११ ला एका फ्रेंच शिक्षकानं फेसबुकवर टाकलं तर अकाऊंट बंद, प्रकरण कोर्टात. त्यामुळं मी म्हणेन पडद्यामागच्या लोकांची गोष्ट सांगा, चित्र दाखवू नका. लाजायचं म्हणून नव्हे. ते चित्र एकदा पडद्यावर आलं की उरलेला वेळ कोणी ‘अंत्यविधी’कडं बघणार नाही आणि रविवारचं भांडण भलतीकडंच जाईल. त्याऐवजी त्याच वर्षीचं ‘पोपटवाली बाई’ दाखवा, ते तर सलोननंही लावलं होतं.

जुना_हिशेबनीस:
आयुष्य ऑडिटमध्ये गेलं त्यामुळं मला चित्रांतलं कमी आणि त्या स्तंभाच्या बिलातलं जास्त कळतं. धागाकर्त्यांनी ‘बिल फाटलं’ लिहिलंय ते अगदी बरोबर, पण कसं फाटलं ते नीट सांगा, लोकांना ऐकायला आवडेल.

वांदोम चौकातला स्तंभ पहिल्या नेपोलियननं ऑस्टरलिट्झच्या विजयाचा उभारलेला, शत्रूच्या तोफा वितळवून केलेलं ब्राँझ बाहेरून, वर स्वतः नेपोलियन. सप्टेंबर १८७० ला साम्राज्य कोसळलं, प्रशियाची फौज पॅरिसकडं येतेय, तेव्हा कुर्बे चित्रकारांच्या समितीचा अध्यक्ष, म्युझियमं आणि कलावस्तू सुरक्षित ठेवायचं काम त्याच्याकडं. त्या वेळी त्यानं सरकारला अर्ज केला की हा स्तंभ युद्धखोरीचं स्मारक आहे, सुटा करून इथून हलवा. आपल्याकडं कोणी अर्ज द्यावा की काळ्या घोड्याचा पुतळा चौकातून उचलून म्युझियममध्ये ठेवा, तसं. अर्ज फायलीत राहिला.

मग १८७१ चं पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसच्या बंडखोरांनी स्थापन केलेलं स्वतःचं सरकार. स्तंभ पाडायचा ठराव झाला १२ एप्रिलला. कुर्बे कम्यूनवर निवडून आला १६ एप्रिलला. तारखा परत वाचा. स्तंभ पडला १६ मेला. म्हणजे ठरावावर त्याची सही असण्याचा प्रश्नच नाही, पण जुना अर्ज त्याच्या नावाचा, तोंड त्याचं मोठं, आणि सगळं पॅरिस त्याला ओळखणारं. आठवडाभरानंतर कम्यून रक्तात बुडालं, हजारो माणसं मारली गेली, आणि याला जूनमध्ये पकडलं. त्याच सुमारास तिकडं ओर्नांला आई गेली. सप्टेंबरमध्ये लष्करी कोर्टानं ६ महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड दिला. इतरांना मिळालेलं बघता हे स्वस्तात सुटणं होतं.

खरी मार नंतर बसली. १८७३ ला सरकार बदललं, मॅकमाहोन राष्ट्राध्यक्ष म्हणून आला आणि स्तंभ परत बांधायचा खर्च कुर्बेकडून वसूल करायचं ठरलं. चित्रं, मालमत्ता जप्त. जुलै १८७३ ला तो सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पळाला, जिनिव्हा सरोवराकाठी ला तूर द पेल्झ नावाच्या गावी राहिला. अखेर आकडा ठरला ३,२३,०९१ फ्रँक ६८ सेंटिम. त्या ६८ सेंटिमवर माझं मन बसलंय, सरकारी बाबू जगात सगळीकडं सारखाच. फेड वर्षाला १०,००० फ्रँकनं, ३३ वर्षं. व्याज बाजूला ठेवलं तरी ३२ हप्ते पुरे आणि तेहतिसावा ३,०९१ फ्रँक ६८ सेंटिमचा, तेव्हा त्यानं नव्वदी गाठलेली असती. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ ला द्यायचा होता. तो गेला ३१ डिसेंबर १८७७ ला. दारूनं लिव्हर संपलं होतं, पोटात पाणी भरायचं. वय ५८. एक पैसा भरला नाही.

कावळा_बोलतो:
@हिशेबनीस काका, दंडवत. पण हे माझ्याच बाजूनं जातंय. तोंड आवरलं असतं तर दोमियेसारखा आपल्याच देशात मेला असता. ज्या आवाजावर नाव कमावलं तोच आवाज कोर्टात पुरावा झाला.

जुना_हिशेबनीस:
असेल. पण एक नोंद माझी पण घ्या. तडजोडीचा रस्ता त्याला आधी किती वेळा उघडा होता? न्यूवेर्कर्कच्या जेवणाचं सोडून देऊ, तुम्ही म्हणता तसं साक्षीदार नाही. पण १८७० चा किताब तर जगजाहीर आहे, तो घेतला असता तर सरकारी माणूस झाला असता. त्या पत्रात त्यानं लिहिलंय की मी पन्नास वर्षांचा आहे, कायम मोकळा जगलोय, मोकळाच मरू द्या, आणि मेल्यावर म्हणा हा कुठल्या पंथाचा, चर्चचा, संस्थेचा, अकादमीचा नव्हता. लंबंचवडं आहे मान्य. पण पुढच्या सात वर्षांत त्याची किंमत त्यानं मोजली, आणि माझ्या धंद्यात माणूस काय बोलतो ते बघत नाहीत, पैसे कुठं गेले ते बघतात.

सुरसागरकाठी:
सगळ्यांचे मनापासून आभार, माझं अर्ध्या तासाचं भाषण दीड तासाचं झालंय आता. सासऱ्यांना पोपट दाखवायचं ठरलं. अजून दोनच प्रश्न. भाची म्हणते शेवटी सांग की कुर्बे आपल्याकडं कोणासारखा, म्हणजे लोकांना पटकन धरता येईल. तिचं म्हणणं आपल्या बडोद्याचा चित्रकार भूपेन खक्कर. बरोबर आहे का? आणि स्वित्झर्लंडमधली चित्रं नेटवर शोधतोय तर एकाच डोंगराची आणि किल्ल्याची ढीगभर येतायत, काही चांगली, काही अगदीच कॅलेंडरवरची. कुठली घेऊ?

अलकापुरीची_अनू:
खक्करचं अर्धं बरोबर. तो पण चार्टर्ड अकाउंटंट (हिशेबनीस काका, तुमच्यातलेच), बडोद्यात राहून त्यानं घड्याळवाला, न्हावी असली माणसं मोठ्या कॅनव्हासवर आणली, जी तेव्हा चित्रात यायच्या लायकीची समजत नसत. आणि ‘यू कान्ट प्लीज ऑल’ मध्ये १९८१ ला स्वतःच्या समलैंगिकतेबद्दल जे उघड सांगितलं ते सांगायला कुर्बेइतकीच छाती लागते. इथपर्यंत नातं आहे. पण खक्कर स्वतःची चेष्टा करतो. कुर्बेला ते कधी जमलं नाही, अंगावर हसू आलं की तो दाढी आणखी वर करायचा. भाचीला म्हणावं हा फरक सांगितलास तर तुलना कर, नाहीतर नको.

करडा_कॅनव्हास:
स्वित्झर्लंडच्या चित्रांचं सांगतो. शेवटच्या वर्षांत त्याला पैशाची घाई होती आणि हात थकला होता, त्यामुळं मदतनीस ठेवले, चेरुबिनो पाता हा त्यातला मुख्य. ते रंगवायचे, हा फिनिशिंग मारायचा, कधी नुसती सही. वर खोट्या सह्यांची पण रेलचेल. शियों किल्ल्याची चित्रं म्हणून जपून घ्या, मोठ्या म्युझियमच्या साइटवर असेल तेच उचला.

माझं ऐकाल तर किल्ला सोडा आणि मासे दाखवा. तुरुंगातून सुटल्यावर त्यानं गळाला लागलेले ट्राउट रंगवले, कल्ल्यातून रक्त, डोळा उघडा, खालच्या दगडगोट्यांवर नाइफचे फटके स्पष्ट. त्यातल्या एकावर लॅटिनमध्ये लिहिलंय ‘बेड्यांत असताना केलं’. रंगवलं तेव्हा तो बाहेर आलेला होता, म्हणजे कावळेबुवा इथं पण म्हणतील बघा नाटक. म्हणू देत. त्या माशाचा डोळा मोठा करून दाखवा आणि मग भांडू द्या लोकांना.

कावळा_बोलतो:
म्हणणारच. नाटक आहे. पण मासा एक नंबर आहे, आत्ताच बघितला.